तांदळातलं नाव

तुरुंगातून सुटणाऱ्या बाईला तिची आत येतानाची साडी परत मिळते, आत केलेल्या कामाची मजुरी मिळते आणि सुटकेचा दाखला मिळतो. ती कोण आहे हे सांगणारा तेवढाच एक कागद बहुतेकींकडे असतो. तो दाखवून कुणी खोली देत नाही, काम देत नाही, सिमकार्डसुद्धा देत नाही. म्हणून सुटण्याच्या आधी दुसरे कागद तयार करून ठेवायचे, हे आमच्या संस्थेचं काम. अमरावतीत आम्ही काही बायका ते करतो. माझं पूर्वी तहसीलजवळ झेरॉक्सचं दुकान होतं आणि लोकांचे अर्ज भरून देण्यात माझी बरीच वर्षं गेली. कोणत्या अर्जाला काय जोडायचं, कोणत्या टेबलावर कधी जायचं आणि कुणाच्या जेवणाच्या सुट्टीत मुळीच जायचं नाही, हे मला माहीत असतं. म्हणून मला बोलावलं.

माझे नियम थोडे आहेत. गुन्हा विचारायचा नाही. बाई रडत असेल तर अर्ज पुढे करायचा नाही, आधी तिला रडू द्यायचं. आणि जे होणार नाही ते होईल असं सांगायचं नाही. यादी मात्र पहिल्याच भेटीत करायची. काय आहे, काय नाही, कुणाकडे असू शकेल. यादी केली की बाईचा चेहरा जरा सैल होतो, असा माझा अनुभव आहे. हरवलं आहे ते आपलं नशीब नाही, आपले कागद, असं तिला वाटू लागतं.

ही बाई तेल्हाऱ्याकडची, अकोल्याला दिलेली. नवऱ्याच्या मृत्यूच्या प्रकरणात तिला शिक्षा झाली होती. एवढं मला कागदावरून कळलं आणि त्यापुढे मी गेले नाही. आत ती शिलाई शिकली होती. हात इतका चांगला की शिक्षिका तिच्याकडे काजं करायला द्यायची. तिला एक मुलगी. अटक झाली तेव्हा ती अंगावर पीत होती. आजी-आजोबा तिला घेऊन गेले ते पुन्हा भेटीला आले नाहीत. मुलगी आता अकोल्यातल्या एका शाळेत शिकते, हे तिला बाहेरून आलेल्या एका कैदी बाईकडून कळलं होतं.

पहिल्या भेटीत मी यादी लिहीत होते. आधार, बँकेचं खातं, राहायची जागा, काम. ती म्हणाली, "एक अजून लिहा ताई. शाळेत नाव."

मी विचारलं, कुणाचं.

"माहं. पोरीची माय म्हनून. शाळेत ज्याचं नाव असते त्याले भेटू देतात म्हनते. महिन्यातून एकडाव भेटू देलं तरी बस झालं मले."

मी ते लिहिलं. खरं तर ते मी सर्वांत खाली लिहिलं, कारण वरचं झाल्याशिवाय ते होणार नव्हतं. पण तिच्यासाठी यादीत तेवढंच होतं. बाकीचं माझं होतं.

आधारसाठी आत शिबिर लागतं. तुरुंगाच्या नोंदीच्या कागदावर नोंदणी होते, त्यामुळे ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांचंही काम निघतं. तिची नोंदणी सासरच्या नावाने झाली, कारण खटला त्या नावाने, शिक्षा त्या नावाने. बायका रांगेत उभ्या राहून एकमेकींची वेणी-फणी करत होत्या. तिचा फोटो काढताना मागून एक म्हातारी म्हणाली, "दात नको दाखवू व, फोटोत हसली त सरकार ओळखत नाई." सगळ्या हसल्या. तीही हसली आणि फोटो परत काढावा लागला.

काही आठवड्यांनी नोंदणी फेटाळली गेली. ही बोटं, हे डोळे आधीच नोंदलेले आहेत, असा त्याचा अर्थ. म्हणजे हिचं आधार कुठेतरी होतं. मी तिला विचारलं तेव्हा तिला बराच वेळ काही आठवेना. मग आठवलं. लग्नाच्या आधी गावच्या शाळेत यंत्र घेऊन लोक आले होते. सगळ्या पोरी गेल्या तशी तीही गेली. कार्ड येईपर्यंत तिचं लग्न होऊन गेलं.

मी अकोटला उतरून दुसरी एसटी धरली आणि तेल्हाऱ्याच्या अलीकडे तिच्या भावाच्या गावी गेले. भाऊ भाजीपाला आणि फुलं करतो. त्या दिवशी झेंडू तोडून झाला होता, ओट्यावर ओल्या गोणपाटाखाली ढीग होता. मी कोण, कशासाठी आले, हे सांगितल्यावर त्याने बायकोकडे पाहिलं. वहिनी काही न बोलता आत गेली आणि पत्र्याच्या पेटीतून कार्ड घेऊन आली. इतक्या सहज काही मिळालं की मला उलट काळजी वाटते. कार्डावर दोन वेण्यांची पोरगी होती. माहेरचं नाव, बापाचं नाव, याच घराचा पत्ता.

परत येताना मी मनात हिशेब मांडला. कार्ड आहे. नांदगाव पेठेतल्या एका कापडाच्या युनिटमध्ये मी आधीच बोलून ठेवलं होतं. तिथे शिवणारे हात हवे होते, कामगार बायकांसाठी राहायची सोय होती आणि फाटकावर फक्त आधार लागत होतं. तुरुंगाचं त्यांना सांगितलेलं होतं, पण त्यांची अट होती की ते इतर बायकांना कळू नये. माहेरच्या नावाचं कार्ड म्हणजे तर सोन्याहून पिवळं. त्या नावाने ती कुठल्याच खटल्यात नव्हती.

मी तिला कार्डाची झेरॉक्स दाखवली. तिने फोटोवर बोट फिरवलं. मग विचारलं, "अन् पोरीच्या दाखल्यावर कोनतं नाव हाये?"

मुलीच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव सासरचं. शाळेतही तेच असणार.

"मंग या नावाची बाई कोनाची माय हाये?"

दोन्ही नावं जोडून देते, असं मी म्हणणार होते, पण जे होणार नाही ते सांगायचं नाही हा नियम आठवला.

बाहेरच्या वाचकाला हे सांगायला हवं. आमच्याकडे पुष्कळ घरांत लग्नात नवरीचं पाळण्यातलं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरतात, नवरदेव सोन्याच्या अंगठीने त्यात नवं नाव लिहितो, बायका वाकून वाचतात, चिडवतात, नवरी लाजते. झालं. दुसऱ्या दिवसापासून ती त्या नावाची. नोंद कुठेच होत नाही. तांदूळ पुन्हा डब्यात जातात. माझंही नाव असंच बदललेलं आहे. दुकानात असताना बँकेसाठी, पासपोर्टसाठी मी कितीतरी बायकांची दोन नावं कागदावर जोडून दिली. त्यात अवघड काही नसतं. लग्नाची नोंद आणा, नाहीतर दोन्ही घरच्यांच्या सह्या आणा. नवरा सोबत येऊन उभा राहिला की काम होतं.

हिचा नवरा नव्हता. लग्नाची नोंद केलेली नव्हती. सासरची माणसं तिचं नावही काढत नव्हती, त्यांना मी दोष देत नाही. त्यांचा मुलगा गेला होता. म्हणजे या दोन नावांची बाई एकच आहे असं सांगू शकणारं माणूस एकच उरलं, तिचा भाऊ. त्याने प्रतिज्ञापत्रावर सही करायची, आपलं आधार जोडायचं. बस.

आमच्यासोबत काम करणारी वकीलबाई म्हणाली की दुसराही रस्ता आहे, कोर्टात अर्ज करू, मुलीला भेटण्याचा हक्क मागू, तिथे निकालाची प्रत लावली की आई कोण हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही. मी हे तिला जसंच्या तसं सांगितलं. तिने विचारलं, पोरीला कोर्टात यावं लागेल का. मी म्हटलं, बहुधा न्यायाधीश मुलीशी बोलतील. आणि निकालाची प्रत तिला दिसेल का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, आज नाही तर मोठी झाल्यावर दिसेल.

"मंग नको," ती म्हणाली. "तिले माय पायजे, निकाल काहून दाखवता."

प्रतिज्ञापत्र टाइप करून मी पुन्हा त्या गावी गेले. या वेळी घर पांढरं केलेलं होतं, दारात मांडवाचे बांबू येऊन पडले होते. भावाच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. भावाने माझं सगळं नीट ऐकलं. कागद हातात धरला, पण तो वाचत नव्हता, नुसता धरून बसला होता.

"बाई, माहीच बहीण हाये ते. मी कुठं नाई म्हनून राहिलो? पन सही मंजे चार लोकाईत जाते. लग्न होऊन जाऊ द्या. मंग बोलवा, अमरावतीले येऊन सही देतो."

मी म्हटलं, सहीला लग्नाची काय अडचण.

उत्तर वहिनीने दिलं. चहाची कपबशी माझ्यापुढे सरकवत ती अगदी सरळ बोलली. "पावने पाहाले आले तवा त्याईनं इचारलं, पोरीची आत्या कुठी असते. लग्नात आत्याले मान असते ना. आमी सांगतलं, पोरीले आत्या नाई. आता तुमी आत्या घेऊन या, मंग आमच्या पोरीले कोन नेते ते पाहातो."

 दोन पोरींच्या मधोमध बसून चहा पिते आहे असं मला वाटलं. एक अकोल्याची, एक इथली, आणि दोघींपैकी एकीलाही काही माहीत नव्हतं. मी लग्नाची तारीख विचारून घेतली. सुटका त्यानंतर होती, पुरेसा अवकाश होता. मी तसं भावाला म्हटलंही. तो खूश झाला. उठताना त्याने आतून एक कापडात बांधलेलं गाठोडं आणून दिलं.

"हा तिच्या लग्नाचा अल्बम. याच्यात तांदळाचा फोटो हाये. नाव वाचता येते. हे घेऊन जा, कामात येईन."

फोटो खरंच होता. पितळेचं ताट, पसरलेले तांदूळ, नवऱ्याचा अंगठी धरलेला हात, कडेला तिचा मेंदीचा हात आणि वर वाकलेला चेहरा. तांदळात नाव लख्ख वाचता येत होतं. फोटोवाल्याने नेम साधून काढला होता. मी मनात म्हटलं, माणूस वाईट नाही. मग वहिनी म्हणाली, "न्या, घरातून जाऊ द्या ते. पावने आले की अल्बमच पाहाले मागतात." तेव्हा लक्षात आलं की तो पुरावा देत नव्हता, लग्नाच्या आधी घर साफ करत होता.

तरी मी तो फोटो घेऊन कचेरीत गेले. टेबलावरच्या माणसाने फोटो हातात घेऊन चष्मा वर सरकवून पाहिला. त्याला त्यात रस वाटला. त्याच्याही बायकोचं नाव असंच ठेवलं होतं, असं तो म्हणाला. फोटो परत देताना म्हणाला की हे सगळं खरं आहे हे त्याला दिसतंय, पण तांदूळ जोडता येत नाहीत, सही आणा.

यानंतर जे झालं ती आनंदाची बातमी होती. तिच्या चांगल्या वागणुकीची आणि शिलाईच्या कामाची माफी धरून सुटका अलीकडे आली. बॅरेकमध्ये तिला सगळ्यांनी मिठ्या मारल्या. त्याच म्हाताऱ्या बाईने मला टोमणा मारला, "आमाले बाहेर जायची घाई, अन् ताईचं तोंड पाहा, जशी हिची शिक्षा वाढली." मी हसले. सुटका आता भावाच्या घरच्या लग्नाच्या आधी येत होती. मी भावाला फोन केला. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तिले सांगा, या पंधरवड्यात गावाकडं येऊ नको म्हना." सहीचं मी विचारलं. फोन कटला होता की त्याने ठेवला, सांगता येत नाही. पुढे तो नंबर लागला नाही.

सही मिळेपर्यंत युनिटवाल्यांना थांबायला सांगून पाहिलं. त्यांचं म्हणणं रास्त होतं, मशीन रिकामी ठेवता येत नाही. सुटकेच्या दिवशी संध्याकाळपर्यंत बाई फाटकावर आली तर जागा तिची.

सुटकेच्या सकाळी मी फाटकाबाहेर उभी होते. ती जुन्या साडीत बाहेर आली. ब्लाउज तिला सैल होत होता. मी तिला पाकीट दिलं. त्यात माहेरच्या नावाचं आधार होतं. सुटकेचा दाखला तिने स्वतःच दुमडून ब्लाउजमध्ये ठेवला होता, तो सासरच्या नावाचा. मी माझा बेत सांगितला. आधी जेवण, मग चपला, मग थेट नांदगाव पेठ. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "संध्याकाळलोक जायचं हाये ना? मंग आधी अकोल्याले चाला."

मी तिला समजावून सांगितलं की नावाचं काम झालेलं नाही, शाळेत काही होणार नाही. आत्तापर्यंत हा नियम मी पाळला होता आणि तेव्हाही पाळला. ती म्हणाली की होणार नाही हे तिला समजतं, पण तिथून परत यावं लागलं तरी चालेल, तिला एकदा विचारायचं आहे. मी घड्याळ पाहिलं. वेळ बसत होता. आम्ही अकोल्याची एसटी धरली.

मूर्तिजापूर येईपर्यंत ती खिडकीबाहेर पाहत होती. नंतर तिने अल्बम मागितला. तांदळाच्या फोटोपाशी थांबली. "हे नाव त्याच्या मायनं काढलं होतं," ती म्हणाली. "मले कधीच नाई आवडलं. दोन दिवस रुसली होती मी याच्यापायी." अल्बम मिटून तिने माझ्याकडे परत दिला.

शाळेत दुपारची मधली सुट्टी चालू होती. कार्यालयातली कारकून बाई माझ्याच वयाची, टेबल नीटनेटकं, पेनं एका भांड्यात. मला ती लगेच आवडली. मी मुलीचं नाव आणि वर्ग सांगितला, या तिच्या आई आहेत, भेटता येईल का विचारलं. तिने पालकांचं ओळखपत्र मागितलं. ही रीतच आहे. मी त्या जागी असते तर मीही मागितलं असतं. हिने आधार पुढे केलं. कारकून बाईने रजिस्टर काढलं, नाव पाहिलं, कार्ड पाहिलं, पुन्हा रजिस्टर पाहिलं.

"या नावाची आई आमच्याकडे नाही," ती म्हणाली. वाईट वाटून म्हणाली. "दुसरा काही कागद आहे का? आईच्या नावाचा कोणताही चालेल."

कोणताही चालेल. खोलीत आम्हा दोघींना माहीत होतं की कागद आहे. त्यावर बरोबर तेच नाव होतं, शिक्का होता, सही होती. रजिस्टरातल्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळणारा तिच्याजवळचा तो एकच कागद, सुटकेचा दाखला, तिच्या अंगावरच होता. मी तिच्याकडे पाहिलं. तिचा हात छातीशी गेला. मला वाटलं काढते आहे. तिने पदर सारखा केला आणि हात तिथेच ठेवला.

"नाई," ती म्हणाली. "दुसरा नाई माह्यापाशी."

अल्बम माझ्या पिशवीत होता. मी पिशवीला हात घातला तर तिने मानेनेच नको म्हटलं. त्या अल्बमात नवराही होता.

कारकून बाई म्हणाली की आजीला घेऊन या, आजीची सही पालक म्हणून आहे, त्या हो म्हणाल्या तर लगेच भेटवते. आम्ही तिचे आभार मानले. बाहेर आलो तर समोर मैदानावर मुलींची पळापळ चालली होती. एकाच रंगाचा फ्रॉक, एकाच रंगाच्या रिबिनी, तेलाने चोपलेल्या वेण्या. ती व्हरांड्याच्या खांबाला धरून उभी राहिली. त्या घोळक्यात तिची नजर एका मुलीवरून दुसरीवर, तिसरीवर जात होती आणि कुठेच थांबत नव्हती.

"ताई, याच्यातली कोनती असन?"

मला काय माहीत. अंगावर पिणारं मूल तिच्याजवळून गेलं होतं, मैदानावर शाळकरी मुली होत्या. घंटा झाली आणि मैदान रिकामं झालं. शिपायाने फाटक उघडून धरलं होतं.

परतीच्या एसटीत बसलो. मी पोळी-भाजीचा डबा काढला, तिने अर्धी पोळी खाल्ली. नांदगाव पेठेला पोचलो तेव्हा पाळी बदलत होती. सुपरवायझर बाईने कार्ड पाहिलं, वहीत उतरवून घेतलं, गेटपास केला. सगळं पटापट झालं. इतकं बिनचूक काम माझ्या हातून क्वचित झालं असेल. सुटल्या दिवशीच काम, खोली, ओळख.

मी निरोप घेतला. ती फाटकातून आत गेली, दहा पावलं गेली असेल. गेटपास टेबलावरच राहिला होता. सुपरवायझर बाईने तिला हाक मारली, कार्डावरच्या नावाने. ती वळली नाही. बाईने पुन्हा जरा मोठ्याने हाक मारली. आणखी दोघी-तिघी वळून बघायला लागल्या. ती चालतच होती.

शेवटी मी आत जाऊन तिच्या दंडाला धरलं.

भावाकडचं लग्न वेळेवर झालं. मी त्यानंतर दोनदा गावी गेले. पहिल्या वेळी तो शेतावर होता आणि आला नाही. दुसऱ्या वेळी भेटला. पोरगी आता सासरी नांदते आहे, एखादं वर्ष जाऊ द्या, तिला लेकरू होऊ द्या, मग पाहू, असं म्हणाला. चहा दिला. प्रतिज्ञापत्र माझ्या फायलीत आहे. अल्बम संस्थेच्या कपाटात वरच्या फळीवर. खोलीत ठेवायला तो तिला नको आहे, बाकीच्या बायका पाहतील. पत्त्याचा पुरावा, खातं, सिमकार्ड, यादीतलं सगळं झालं आहे. शेवटची ओळ राहिली आहे, ती मी दर महिन्याला नव्या पानावर उतरवून घेते.